आप्पांच्या खांद्यावरचा हात

"काढा आधी ते जाकीट. गड्यांनी बघितलं तर म्हणतील, मालकांना हिवताप भरलाय."

मार्च संपत आला होता. सकाळचं कोवळं ऊनही अंगाला सोसत नव्हतं, आणि आमचे मालक बर्फात घालायचं फुगीर निळं जाकीट गळ्यापर्यंत चेन ओढून सोप्यातल्या आरशासमोर उभे होते. दुकानातली चिठ्ठी अजून काखेत लोंबत होती.

"अंदाज घेतोय," ते म्हणाले. "तिथं गेल्यावर चेन अडकली म्हंजे?"

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलंच तर उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवल्यावर. पण ही गोष्ट 'हे' आणि 'ह्यांनी' म्हणत सांगायला गेले तर कुणाची कुऱ्हाड आणि कुणाचा कोयता याचा पत्ता लागायचा नाही. म्हणून मी सरळ आनंदराव म्हणणार आहे. कानाला खटकलं तर सोसा.

आमचं घर मळ्यात, गावापासून लांब. समोर रोपवाटिका, मागं म्हशींचा गोठा, मधे अंगण आणि अंगणाच्या कडेला धुण्याचा दगड. आमची मुलगी केतकी पुण्यात नोकरीला होती. आमची पहिलीवहिली परदेशाची सहल ठरवायची म्हणून ती शनिवारी मुद्दाम आली होती, आणि रविवारी सकाळी सोप्यात मांडी घालून लॅपटॉपवर नकाशा उघडून बसली होती.

"रोमला तीन रात्री," ती म्हणाली. "मग फ्लॉरेन्स. मग आगगाडीनं स्वित्झर्लंड."

"रोममधी तीन रात्री करायचं काय?" आनंदरावांनी आरशातूनच विचारलं.

"बघायचं," मी म्हटलं.

"पडक्या भिंतीच ना? आपला वसंतगड काय कमी पडका हाय? सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी."

"आणि तुमच्या स्वित्झर्लंडात काय हाय? गाई. गोठ्यात चार म्हशी बांधल्यात, त्यांच्याकडं कधी मायेनं बघितलंय का?"

केतकी हसायला लागली. "पप्पा, तडजोड करा. शहरं आईची, डोंगर तुमचे."

"असू दे, असू दे. पण बर्फात माझा फोटू निघाला पायजे. मोठा."

मी बारावीला इतिहासात तालुक्यात पहिली आले होते. बी.ए.ला नाव घालायच्या आत अंगाला हळद लागली आणि पुढचा सगळा इतिहास टोमॅटोच्या रोपांचा झाला. पण शाळेच्या पुस्तकातलं रोमचं चित्र काही डोक्यातून गेलं नाही. तिथल्या दगडाला एकदा हात लावून यायचा, एवढीच माझी हौस. लग्नानंतर मी नवऱ्याकडं स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती, आणि तीसुद्धा त्यांच्या मिनतवाऱ्या करून मिळवली होती. बुधवारी आम्हाला पुण्याला जायचं होतं, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला.

हे सगळं इतक्या उशिरा का, तर भाऊबंदकीपायी. आनंदरावांचे वडील, आप्पा, तरणेपणी वारले. त्यांचे थोरले भाऊ तात्या यांनी आनंदरावांना आपल्या जयवंताबरोबर एका ताटात जेवू घालून वाढवलं. दोघं चुलतभाऊ सख्ख्यासारखे. तात्या गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पाण्यावरून दोघांची जुंपली. पुढं बांध आला, मग मोटार आली, मग काठ्या आल्या. एका पावसाळ्यात जयवंतनं आनंदरावांचं डोकं फोडलं आणि आनंदरावांनी त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. दोघांवर केस झाली. ती केस सुटेपर्यंत कसला पासपोर्ट आणि कसलं काय. शेवटी दोन्हीकडचे साक्षीदार फिरले, दोघं सुटले, आणि तेव्हापासून दोन वर्षं जयवंत आमच्या घरावरून मान खाली घालून जायचा. मी देवाला हात जोडायचे. पुन्हा एक काठी उचलली गेली की पासपोर्टही जाणार आणि या वेळी माणूसही जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"केते, हे बघ," आनंदराव म्हणाले आणि त्यांनी फोन पुढं केला. "पोरांनी चौकात फ्लेक्स लावलाय. मी नको नको म्हणत हुतो."

"कसला फ्लेक्स?"

"आपल्या दौऱ्याचा."

"पप्पा! अजून व्हिसा यायचाय!"

"येतुय की. कुठं जातुय?"

आमच्याकडं बारसं असो, नवा ट्रॅक्टर असो नाहीतर सोसायटीची निवडणूक असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी मानत नाही. पण न आलेल्या व्हिसाचा फ्लेक्स आमच्याच घरात होऊ शकतो. मी फोन हातात घेतला. 'युरोप दौऱ्यास निघालेले आमचे मार्गदर्शक श्री. आनंदराव शेवाळे यांना हार्दिक शुभेच्छा.' काळा गॉगल लावलेले आनंदराव हत्तीएवढे. त्यांच्या मागं तो कललेला मनोरा, बर्फाचा डोंगर आणि मनोऱ्याला धडकतंय की काय असं एक विमान. खाली शुभेच्छुकांच्या मुंड्यांची रांग. मी कुठंच नव्हते. वर ढगांत आमचे वाडवडील, म्हणजे आजेसासरे आणि आप्पा.

आप्पांचा तो फोटो मला ठाऊक होता. आमच्या घरात तो एकच फोटो होता त्यांचा, कोल्हापुरात स्टुडिओत काढलेला, दोघं भाऊ शेजारी उभे, तात्यांचा हात आप्पांच्या खांद्यावर. फ्लेक्सवर आप्पा एकटे होते. मी बोटांनी फोटो मोठा केला. आप्पांच्या खांद्यावर चार बोटं होती आणि मनगटापाशी कात्री चालवलेली होती. तात्यांना कापून टाकलं होतं, हात तेवढा राहिला होता.

माझा फोटो नाही याचं मला काही वाटलं नाही. पण तो हात बघितला आणि मी फोन आनंदरावांच्या तोंडासमोर धरला.

"तात्या कुठं गेले?"

"पोरांनी कापलं असतील. जागा बसली नसंल."

"फोन करा पोरांना. आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. जयवंतभाऊजींनी बघायच्या आत."

"बघू दे की," आनंदराव म्हणाले, आणि जाकिटाची चेन पुन्हा वरखाली करून बघायला लागले.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. आनंदरावांनी तो ओढून घेतला. मंडळाचा कुणी पोरगा होता. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "आण्णा, जयवंतकाकानं फ्लेक्स फाडला! तुमच्या नाकावरनं कोयता फिरवलाय सरळ! आन् तिकडंच यायलाय गाडीवर!"

आनंदरावांनी फोन खिशात घातला. मला वाटलं आता चिडतील, शिव्या देतील. पण त्यांनी कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी घेतलं, शांतपणे चूळ भरली आणि आतल्या खोलीकडं निघाले. आतल्या दाराच्या मागं कुऱ्हाड असते. मी उंबऱ्यात आडवी झाले.

"बुधवारी पुण्याला जायचंय आपल्याला," मी म्हटलं. "दार लावून बसूया. ओरडून ओरडून जाईल तो."

"बाजूला हो."

"अहो, पाया पडते तुमच्या. एवढे दिवस थांबलात, आणखी तीन दिवस थांबा."

"शालन, बाजूला हो म्हणतोय."

त्यांनी मला दंडाला धरून बाजूला सारलं. सारलं म्हणजे फेकलंच. मी चौकटीवर आपटले. केतकी "पप्पा!" म्हणून किंचाळली, आणि त्याच वेळी अंगणात मोटारसायकल येऊन आडवी पडली. स्टँड लावायचाही धीर जयवंतला नव्हता.

त्याच्या एका हातात ऊसतोडीचा कोयता होता आणि दुसऱ्या हातात फ्लेक्सचा फाडलेला तुकडा. त्या तुकड्यावर आप्पा होते.

"आंद्या! बाहीर ये!" तो ओरडला. लहानपणी तो ह्यांना दादा म्हणायचा. "माझ्या बापाला कापलंस व्हय रं? आन् हात ठेवलास? ज्या हातानं तुला घास भरवला त्यो हात तेवढा ठेवलास?"

मी बाहेर धावले. "भाऊजी, पोरांची चूक झाली. मी माफी मागते. तुम्ही घरी जावा."

"वहिनी, तुम्ही मधी पडू नका. तुमच्याशी माझं काय न्हाई."

आनंदराव पायऱ्या उतरले. अंगात ते निळं जाकीट, हातात कुऱ्हाड, काखेत लोंबणारी चिठ्ठी. दुसऱ्या कुठल्या दिवशी असतं तर मी पोट धरून हसले असते.

"कापला," आनंदराव म्हणाले. "काय करतूस?"

जयवंतनं तुकडा टाकला आणि कोयता फिरवला. तो खांद्यावर बसला. मी डोळे मिटले. उघडले तर सगळीकडं पांढरा कापूस उडत होता. जाकीट खांद्यापासून काखेपर्यंत फाटलं होतं आणि आतलं भरण बाहेर आलं होतं. रक्ताचा थेंब नव्हता. तो कापूस डोळ्यांत गेला म्हणून जयवंत क्षणभर चाचपडला, आणि तेवढ्यात आनंदरावांनी कुऱ्हाड चालवली.

ती त्याच्या डाव्या दंडात गेली. लाकडात जाते तसाच आवाज झाला. जयवंत रोपांच्या ट्रेवर उताणा पडला, ट्रे मोडले, हिरवी रोपं त्याच्या अंगाखाली चिरडली आणि रक्त रोपांखालच्या कोकोपीटमध्ये मुरायला लागलं. कोयता त्याच्या हाताजवळच पडला होता, पण त्याला तो उचलायचं भान नव्हतं. त्यानं उजवा हात फक्त तोंडावर धरला.

आनंदरावांनी कुऱ्हाड डोक्यावर उचलली. दोन्ही हातांनी. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते चिडलेले नव्हते. खूप दिवसांनी आवडीचं जेवण पानात पडल्यावर माणसाचं तोंड होतं ना, तसं होतं त्यांचं तोंड. ते बघून मी जेवढी घाबरले तेवढी कुऱ्हाडीला घाबरले नव्हते.

धुण्याच्या दगडावर धोपटणं पडलेलं होतं. बाभळीचं, जुनं, आमच्या सासूबाईंच्या हातचं. ते माझ्या हातात कसं आलं ते मला आठवत नाही. घोंगडं धोपटते तसं, होता नव्हता तेवढा जोर लावून मी ते नवऱ्याच्या मनगटावर मारलं.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कुऱ्हाड त्यांच्या मागं जाऊन पडली. आनंदराव माझ्याकडं असे बघायला लागले, जशी मी कुणी दुसऱ्याच गावची बाई आहे. मग मनगट पोटाशी धरून ते गुडघ्यावर बसले.

आणि जयवंत उठला.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एकाचा हात मोडला की दुसऱ्याचा मोकळा होतो, एवढा साधा हिशेब मी केला नव्हता. जयवंतचा डावा हात लोंबत होता, पण उजव्या हातात कोयता आला होता, आणि समोर माझा नवरा गुडघ्यावर बसलेला, निःशस्त्र. त्यांना निःशस्त्र मीच केलं होतं.

"भाऊजी, नको!"

त्यानं ऐकलंच नाही. कोयता वर गेला. मी मधे गेले आणि डावा हात वर केला, पाऊस लागू नये म्हणून करतो तसा. दुखलं नाही. हातावर कुणी गार पाणी ओतावं तसं वाटलं. मग खाली बघितलं तर मातीत माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पडलं होतं, आणि त्या बोटात माझी अंगठी होती.

जयवंतच्या हातातून कोयता गळून पडला. "वहिनी," तो म्हणाला. "वहिनी, वहिनी, वहिनी." दुसरा शब्दच त्याला सुचेना. एवढा धिप्पाड माणूस, मातीत बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

केतकी मात्र माझी पोरगी शोभली. तिनं माझ्या हाताला टॉवेल बांधला, काकाच्या दंडाला साडीची पट्टी आवळली, बोटं उचलून बर्फाच्या पिशवीत घातली आणि गाडी काढली. दोन्ही पुरुषांना मागच्या सीटवर कोंबलं. मी पुढं बसले.

"आता दोघांतलं कुणी हललं," ती गाडी सुरू करत म्हणाली, "तर गाडी कॅनॉलमध्ये घालीन. खरंच घालीन."

कुणी हललं नाही. चौकातून जाताना फाटलेला फ्लेक्स दिसला. आनंदरावांच्या तोंडाच्या जागी पलीकडचं आभाळ दिसत होतं. हायवेला लागल्यावर केतकीनं आरशात बघितलं.

"नीट ऐका. दवाखान्यात सगळ्यांनी एकच सांगायचं. गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या यंत्रात आईचा हात अडकला. काकांनी ओढायला हात घातला, त्यांना पातं लागलं. पप्पांनी पट्टा धरला, त्यात मनगट गेलं."

"एका कडबाकुट्टीत तिघं?" जयवंत म्हणाला.

"मग खरं सांगायचं का? आत जाल दोघंही. पासपोर्ट तर विसराच. आई, बुधवारी हाताला पट्टी असली तरी चालेल, मी विचारते त्यांना, पुढची तारीख घेऊ. कळलं ना सगळ्यांना?"

"कळलं," मी म्हटलं. मला ते पटलं होतं. खोटं बोलून दोन घरं वाचत असतील तर खोटं बोलावं, असं मी तोवर मानत आले होते.

टॉवेल ओला झाला होता. मग मागून जयवंतचा आवाज आला. आता त्यात राग नव्हता.

"खरं सांग, दादा. पोरांनी कापलं का तू कापायला लावलंस?"

आनंदराव खिडकीबाहेर बघत होते.

"मी सांगितलं," ते म्हणाले.

"हात पण?"

"हात ठेवा म्हणलं."

"का पण?"

"तू यावास म्हणून."

केतकीचा पाय ब्रेकवर पडला. मागून ट्रकनं हॉर्न मारला.

"केस मिटल्यापास्नं तू मान खाली घालून जातूस," आनंदराव बोलत राहिले. कण्हत होते, पण बोलत होते. "आडवं बोलत न्हाईस. पाणी तोडलं तरी गप. बांधाचा दगड मी दोनदा सरकवला, तू परत सरकवला न्हाईस. मेल्यागत वागायला लागलास. मला करमंना."

"आणि युरोप?" मी विचारलं.

"ते हायच की. पर ह्याला कळल्याबिगर जाऊन काय उपेग?"

मी मागं वळून बघितलं नाही. समोर रस्ता होता, तो बघत बसले. माझी इतक्या वर्षांची हौस, माझं रोम, ह्या माणसानं बांधावरच्या दगडासारखं उचलून जयवंतच्या रानात नेऊन टाकलं होतं. मला वाटत होतं, मी विनवलं म्हणून ते तयार झाले. माझ्यासाठी तयार झाले. तोवर हात फक्त बधिर होता. त्या वाक्यानंतर तो दुखायला लागला, आणि असा दुखला की माझ्या तोंडून आवाज फुटला.

दवाखान्यात आम्हाला एकाच खोलीत तीन खाटांवर घेतलं. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बर्फाची पिशवी उघडून बघितली, मान हलवली आणि मला म्हणाल्या, बोटं बसणार नाहीत, जखम तेवढी नीट करू. मग कागद ओढला.

"कसं झालं हे?"

"कडबाकुट्टी," केतकी म्हणाली. "आईचा हात..."

"कडबाकुट्टी नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "माझी बोटं कोयत्यानं तुटली. कोयता जयवंत शेवाळे यांचा. तो माझ्यावर नव्हता, माझ्या नवऱ्यावर होता, मी मधे आले. जयवंत शेवाळेंच्या दंडातली जखम कुऱ्हाडीची. कुऱ्हाड आनंदराव शेवाळे यांची. पोलिसांना बोलवा."

उभ्या जन्मात मी पहिल्यांदा त्यांचं नाव त्यांच्या तोंडावर घेतलं. उखाण्याशिवाय.

"शालन!" आनंदराव खाटेवर उठून बसले. "येडी झालीस काय? केस हुईल! पासपोर्ट जाईल! तुझं रोमबिम सगळं गेलं म्हण!"

"तुमचं गेलं," मी म्हटलं. "माझ्यावर कुठं केस हाय?"

जयवंतनं डोळे मिटून घेतले. त्याच्या बाजूनं बघितलं तर मी त्यालाही बुडवलं होतं, पण ज्यानं त्यानं आपली कुऱ्हाड आणि आपला कोयता आपण सांभाळावा.

हवालदार आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, घाई नसलेला माणूस. खुर्ची ओढून बसला आणि मी सांगेन ते लिहून घ्यायला लागला. फ्लेक्स लिहिला, कोयता लिहिला, कुऱ्हाड लिहिली. मग त्यानं पेननं आनंदरावांच्या मनगटाकडं दाखवलं. ते सुजून भोपळ्याएवढं झालं होतं.

"आन् ह्यांचा हात कुणी मोडला?"

केतकीनं माझा खांदा घट्ट धरला. ती बोलली नाही, पण मला कळलं. हात मी मोडला असं लिहिलं गेलं की माझंही नाव त्या दोघांच्या रांगेत बसणार. मग कसला बुधवार आणि कसला व्हिसा. माझ्यावर कुठं केस हाय म्हणून मी आत्ताच तोरा मिरवला होता, आणि तो तोरा माझ्याच धोपटण्यानं मोडायची वेळ आली होती.

रोम डोळ्यांसमोर होतं. इतकं जवळ ते आधी कधीच आलं नव्हतं. पण दुसऱ्यांचं खरं मोठ्यानं सांगायचं आणि आपलं गिळायचं, हे मला जमेना. बाईमाणूस झालं म्हणून काय झालं, धोपटणं मी मारलं होतं, आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा मारलं असतं. त्याची मला लाज नव्हती.

"तो हात..." मी सुरुवात केली.

"पडलो मी," आनंदराव म्हणाले.

मी वळून बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. छताच्या पंख्याकडं बघत होते.

"धुण्याच्या दगडावर पडलो. कुऱ्हाड उगारली, तोल गेला, पडलो. लिवा."

"दगडावर पडून मनगट असं आडवं मोडतंय?" हवालदार म्हणाला. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही काय म्हणत हुता?"

"तिला काय इचारता?" आनंदराव म्हणाले. "तिची बोटं तुटल्याली. तिला भोवळ आल्याली. तिनं काय बघितलंच न्हाई."

हवालदार तिसऱ्या खाटेकडं वळला. "तुमी हुता ना समोर? कसा मोडला ह्यांचा हात?"

जयवंतनं डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पट्टीकडं. माझ्या नवऱ्याला आणखी अडकवायचं झालं असतं, मला अडकवायचं झालं असतं, तर तेव्हा त्याला कुणी अडवलं नसतं.

"पडला," तो म्हणाला. "मी बघितलंय. आमच्या रानातली दगडं लई खराब हाईत, सायेब."

हवालदारानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, उसासा टाकला आणि लिहून घेतलं. मग माझ्यापुढं कागद धरला. मी तोंड उघडलं, आणि आनंदरावांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. तोंडानं नाही, नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, गप बस. तीस वर्षं मला ते डोळ्यांनी गप बसवत आले होते, पण असं कधी बसवलं नव्हतं.

मी सही केली.

व्हिसाला आठ बोटांचे ठसे चालले. तिथल्या मुलीनं बाकीच्या दोघांचं विचारलं, मी म्हटलं गावी राहिली. आनंदरावांना जामीन मिळाला, जयवंतलाही. पासपोर्ट दोघांचेही कोर्टात जमा झाले. जयवंतकडं पासपोर्ट असेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. आमच्या पाठोपाठ त्यानंही काढून ठेवला होता, हे तेव्हा कळलं. त्या कापलेल्या फोटोचं मी आनंदरावांना कधी माफ केलं नाही आणि तसं त्यांना सांगूनही टाकलं. पण त्या खाटेवरून त्यांनी जे दिलं, ते लग्न झाल्यापासून मी न मागता मला मिळालेलं पहिलंच होतं. मी ते घेतलं, आणि मे महिन्यात केतकीला घेऊन रोमला गेले.